यंदाची काळी पातळ आहे

“ही बियर नाही,” कवळीकाका म्हणाले आणि अर्धी प्यायलेली बाटली त्यांनी काउंटरवर अशी आपटली की शेजारची शेंगदाण्यांची पाकिटं दचकून एकमेकांना बिलगली.

दुकानदाराने बाटली उचलून लेबल पाहिलं. “इम्पीरियल स्टाउटच आहे काका. तुम्ही नेहमी नेता तीच.”

“लेबल मलाही वाचता येतं. आत काय भरलंय ते विचारतोय मी. कॉफीच्या भांड्यात बुडवलेलं फडकं पिळलं की जे निघेल ना, ते भरलंय आत.”

“बदलून देऊ?”

“बदलून काय देणार? हिचीच सख्खी बहीण देणार ना?”

“मग पैसे परत घ्या.”

“पैसे कोणाला हवेत? मला जाब हवाय!”

दुकानदार भला माणूस होता. त्याच्या दुकानात साबण होता, पाव होता, बुटांचं पॉलिश होतं, पण जाब नव्हता. तो गप्प राहिला. समोरचा गप्प राहिला की काकांच्या रागाला बसायला जागा उरत नसे. ते तरातरा बाहेर पडले आणि लांबच्या रस्त्याने घरी निघाले. चिडलेले असले की ते लांबच्याच रस्त्याने जात. जवळच्या रस्त्यात राग पुरता वापरून होत नसे.

कवळीकाकांचं खरं नाव त्यांच्या बायकोखेरीज कोणाच्या लक्षात राहिलं नव्हतं, आणि ती त्यांना ‘अहो’ म्हणायची. दातांच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना वरच्या मजल्यावर आणि काकांची खोली त्याच्या बरोब्बर खाली. वर दात काढले जात, खाली दात बनत. खोलीत सगळीकडे प्लॅस्टरची पांढरी भुकटी, काकांच्या भुवयांवरसुद्धा. भिंतीला लागून फळ्या, आणि फळ्यांवर लोकांच्या जबड्यांचे साचे, सगळे एकसाथ हसणारे. नवीन माणूस आत आला की त्याला वाटे, आपल्यालाच हसतायत.

काका एकेक दात मेणात असा रोवत की बघणाऱ्याने म्हणावं, हा इथेच उगवला. उगाच पांढरेशुभ्र, एका ओळीत कवायतीला उभे केल्यासारखे दात त्यांना खपत नसत. एखादा दात किंचित वाकडा, एखादा किंचित पिवळट ठेवत. त्या भागातली निम्मी म्हातारी मंडळी हसली की काकांचंच काम दिसे. कोणाच्या मयताला गेले तरी काकांची नजर आधी तोंडाकडे जायची आणि घरी परत येताना ते हळहळत, “कवळी अजून चांगली चालली असती हो!”

नवीन कवळी घ्यायला आलेला प्रत्येक माणूस एक प्रश्न हमखास विचारी. “चव लागेल ना हो पहिल्यासारखी?” त्यावर काकांचं उत्तरही ठरलेलं. “आठ दिवसांत सवय होते. चव जिभेला असते, टाळूला नसते.” हे ते इतक्या तोऱ्यात सांगत की विचारणाराच ओशाळून घरी जाई.

आता गंमत अशी, की हाच माणूस रविवारी काळी बियर प्यायला बसला की घोट तोंडात घेऊन जिभेने टाळूवर दाबून धरायचा, डोळे मिटायचा, आणि मग म्हणायचा, “हं. हिला अंग आहे.” वास, कडूपणा, गोडवा, हे सगळं बाकीच्यांनी सांगावं, काका सांगत ते अंग. घोट टाळूवर चढतो की नुसता सरकून जातो, गिळल्यावर तिथे काही मागे ठेवतो की नाही. “वास काय, कुठलाही भामटा लावून देईल,” ते म्हणत. “अंग कमवावं लागतं.” खोलीतले काका आणि रविवारचे काका एकाच सदऱ्यात राहत, पण एकमेकांना ओळख दाखवत नसत.

ही काळी बियर बनवायचा त्यांचा जुना दोस्त भट्टीवाला. बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यामागे त्याची शेड होती. वर्षभर तो साधी, हलकी, सोनेरी बियर काढून आसपासच्या हॉटेलांना पुरवी. पण वर्षातून एकदा, थंडीच्या तोंडावर, तो मोठं पातेलं चढवी. बार्लीचा दाणा नेहमीच्या दुप्पट, त्यातला बराचसा करपायच्या काठावर नेऊन भाजलेला. मग उकळी. ती संपतच नसे. आटवायची, ढवळायची, पुन्हा आटवायची, शेडच्या भिंतींना घाम फुटेपर्यंत. आंबवून आणि मुरवून जी बियर निघे, ती वाइनइतकी जोरकस आणि इतकी दाट, की ग्लास तिरपा करून सरळ केला तरी काचेवर तपकिरी पडदा थांबून राही. कंपन्यांच्या बाटल्यांवर तिला इम्पीरियल स्टाउट म्हणतात. शेडमध्ये तिला नुसतं ‘काळी’ म्हणत.

काळी तयार झाली की एका रविवारी दुपारी शेडमध्ये मंडळी जमत. भट्टीवाल्याची काळी आणि बाहेरून आणलेल्या दोन-चार स्टाउट यांची तुलना होई. बाटल्यांची लेबलं दिसू नयेत म्हणून प्रत्येक बाटलीला एक-एक मोजा चढवलेला. मोजे भट्टीवाल्याच्या आईकडून येत, जोडीदार हरवलेले, धुतलेले. ओतायचं काम कवळीकाकूंचं, कारण त्या स्वतः थेंबही घेत नसत आणि कोणाच्या मोज्यात काय आहे हे त्यांच्या चेहऱ्यावरून ओळखणं देवालाही जमलं नसतं. नियम एकच, पण कडक: सगळ्यांचे ग्लास खाली ठेवले जाईपर्यंत कोणी बोलायचं नाही. कारण एकाने ‘काकवी’ म्हटलं की सगळ्यांना काकवीच लागते.

तर यंदा पावसाळ्यानंतर काकांच्या वरच्या हिरड्यांनी दगा दिला. डॉक्टरीणबाईंनी पाहिलं आणि म्हणाल्या, “काका, हे सगळे काढायला लागणार.”

“वरचे सगळे?”

“खालचे शाबूत आहेत. नशीब समजा.”

काकांनी स्वतःची कवळी स्वतः बनवली. बाहेर कोणाकडे जाणार? जन्मात केली नव्हती अशी केली. टाळू झाकणारा प्लॅस्टिकचा गुलाबी पत्रा इतका नेमका बसला की सुईला वाव नाही. पूर्वी समोरच्या दाताचा एक टवका उडालेला होता, तोसुद्धा त्यांनी जसाच्या तसा उतरवला. शेजारपाजारच्यांना कळलंच नाही. काकांना इतका आनंद झाला की पहिले काही दिवस ते विनाकारण हसत फिरले, आणि काकूंना काळजी वाटू लागली.

मग जेवायला बसले. आणि तेव्हापासून जगात फसवाफसवी सुरू झाली.

पावात मीठ घालायचं बेकरीवाल्याने बंद केलं. कॉफीवाल्याने भुसा दळायला घेतला. टोमॅटो तर उघड उघड रबराचे यायला लागले. काका एकेकाला फैलावर घेत सुटले. संध्याकाळी घरी येऊन काकूंना दिवसभराच्या गुन्ह्यांची यादी सांगत. काकूंनी आठवडाभर ऐकून घेतलं. मग पोळपाटावरचा हात न थांबवता म्हणाल्या, “छपरावर गाद्या घातल्या आणि म्हणे पावसाचा आवाज येत नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे टाळूला पत्रा ठोकलाय तुम्ही.”

“चव जिभेला असते!” काका गरजले. “टाळूला नसते! उभं आयुष्य लोकांना सांगत आलोय मी!”

“हो ना,” काकू म्हणाल्या. “तेच तर.”

त्यावर काका ताटावरून उठले. आता खरी गोष्ट अशी, की त्यांना कळलं नव्हतं असं नाही. माणसाला कळतं, पण कळलेल्याला तो आत येऊ देत नाही. काकांनी हे कळणं उंबऱ्याबाहेर ताटकळत ठेवलं होतं, कारण एकदा ते आत आलं असतं तर त्याच्या मागोमाग फळ्यांवरचे सगळे जबडे आत आले असते. त्यापेक्षा बेकरीवाला चोर असणं सोपं होतं.

अशा अवस्थेत यंदाच्या काळीची पहिली बाटली आली. दरवर्षी पहिली बाटली भट्टीवाला काकांकडे पाठवी. बाकी कोणाला नंतर. काकांनी ती जिन्याखालच्या गारव्यात ठेवली, बेताची गार झाल्यावर काढली, पोटाशी फुगीर ग्लास नुसत्या पाण्याने विसळला, ओतली. रंग ठीक. वास ठीक: कडू चॉकलेट, जळका पाव, काळ्या मनुका. घोट घेतला. टाळूवर दाबला. म्हणजे पत्र्यावर दाबला. काही नाही. घोट आला तसा गेला, भाडेकरू पहाटे गुपचूप घर सोडून जातो तसा.

काका टोपी न घालताच निघाले. शेडमध्ये हॉटेलची माणसं पिंपं चढवत होती. त्यांच्यासमोर, दारातूनच, काका ओरडले, “पाणी घातलंस!”

भट्टीवाला धिप्पाड गडी. त्याचे हात पावाच्या लादीएवढे. तो हळूच वळला. “काय म्हणालास?”

“यंदाची काळी पातळ आहे. अंगच नाही तिला. माझ्या तोंडावर सांग, पाणी घातलंस की नाही?”

“एक थेंब घातला असेल तर हात झडो माझा.”

“मग अंग कुठे गेलं?”

“तुझ्या तोंडातच बघ कुठे गेलं ते!” भट्टीवाल्याचा आवाज चढला. “बेकरीवाला चोर, कॉफीवाला चोर, आता मी चोर. सगळं गाव हसतंय तुला!”

पिंपं उचलणारे थांबून ऐकू लागले. काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भट्टीवाला पुढे आला आणि बोट रोखून म्हणाला, “रविवारी ये. गेल्या वर्षाची आणि यंदाची, दोन्ही मोज्यांत घालून ठेवतो. कुठली कुठली ते ओळख. ओळखलीस तर सगळ्यांसमोर म्हणेन, यंदाची पातळ. नाही ओळखलीस, तर माझ्या टेबलाला पुन्हा तुझी खुर्ची नाही. समजलास, दातवाल्या?”

“येतो,” काका म्हणाले. “ओळखीन. आणि मग तू काय तोंड दाखवतोस ते बघतो.”

लांबचा रस्ता त्या दिवशी पुरला नाही. काकांनी त्याला दोन फेऱ्या मारल्या.

पुढचे दिवस काकांनी अभ्यासात घालवले. घरात होत्या नव्हत्या त्या सगळ्या स्टाउट काढल्या. दुकानातून आणखी आणल्या, त्यातलीच एक अर्धी पिऊन दुकानदाराच्या काउंटरवर नेऊन आपटली. ओळीने ग्लास मांडले. पहिल्यातून करपल्या पावाचा वास यायचा, दुसऱ्यातून ओल्या लाकडी कपाटाचा, तिसऱ्यातून कॉफीचा. आणि तोंडात गेल्या की तिघी एकच. आवाज बंद करून बातम्या बघाव्यात तसं. ग्लासाच्या ओळीसमोर काका बसले होते तेव्हा त्यांचा मेव्हणा आला. हा क्रेन चालवायचा. दिवसभर उंचावर एकटा असल्यामुळे जमिनीवर आला की फार बोलायचा.

“दाजी, एवढ्या मांडल्यात आणि बर्फ कुठाय?”

“बर्फ? स्टाउटमध्ये बर्फ? तुला क्रेनवरून ढकललं पाहिजे.”

“पण चव लागत नसली तर निदान गार तरी लागेल ना?”

काकांनी हळूच मान वर केली. “चव लागत नाही असं कोण म्हणालं?”

“ताई म्हणाली.” मेव्हण्याने बहिणीचं नाव सांगून लगेच दाराकडे पाहिलं. “म्हणजे… कोणी नाही म्हणालं. दाजी, सरळ कवळी काढा, प्या आणि पुन्हा घाला. कोणाच्या बापाचं काय जातं?”

हे ऐकून काकांच्या चेहऱ्यावर असा भाव आला की कोणीतरी त्यांना भर रस्त्यात धोतर सोडायला सांगितलं आहे. “माझ्या कामाची मंडळी असतात तिथे. अर्ध्या लोकांच्या तोंडात माझे दात आहेत. त्यांच्यासमोर मी बोळकं उघडून बसू? उद्या कोण येईल माझ्याकडे? शिंप्याने उघडं फिरायचं?”

“मग घरी काढून बघा.”

“नाही काढणार! काढायची गरजच नाही! चव जिभेला—”

“असते,” मेव्हण्याने वाक्य पुरं केलं आणि तो निघून गेला.

काकांनी घरीही काढली नाही. काढली असती आणि चव लागली असती, तर? मग सगळ्यांचा जाब कोणाला विचारायचा? आपलेच दात, आपलेच ओठ.

रविवार उजाडला. शेडमधलं लांब टेबल पुसून ठेवलेलं. मधोमध बाटल्या, मोज्यांत: एक निळा, एक ठिगळाचा, एक लहान मुलाचा पिवळा जो बाटलीला अर्ध्यावरच पुरला होता, आणि दोन करडे. साध्या पावाचे तुकडे, पाण्याचा जग. मंडळी बसली होती, पण नेहमीची थट्टामस्करी नव्हती. सगळ्यांना ठाऊक होतं आज काय आहे. भट्टीवाला एका टोकाला, काका दुसऱ्या टोकाला. मध्ये काकू, चेहरा कोरा.

पहिल्यांदा निळा. मेव्हण्याने आणलेला निघाला तो, व्हॅनिलाचा. घोट घेऊन सगळ्यांनी ग्लास खाली ठेवले आणि मग कोणीतरी म्हणालं, “वाढदिवसाचा केक वितळवलाय.” मेव्हणा म्हणाला, “मला आवडला.” ठिगळाचा लाकडी पिंपात मुरवलेला होता, त्यावर दोघांचं भांडण जुंपलं, एकाला आजोबांचं कपाट आठवलं, दुसऱ्याला होडी. पिवळ्यात कॉफी इतकी की कोणीतरी दूध मागितलं. काका प्रत्येक घोट घेत, डोळे मिटत, मान हलवत. त्यांच्या कपाळावर घाम होता, आणि शेडमध्ये थंडी होती.

मग दोन करडे मोजे. काकूंनी दोन ग्लास भरून काकांसमोर ठेवले. बाकीच्यांनाही दिले, पण प्यायला कोणी हात लावला नाही. सगळे काकांकडे बघत होते.

काकांनी पहिला घेतला. सरकून गेला. दुसरा घेतला. सरकून गेला. पुन्हा पहिला. नाक म्हणत होतं थोडा फरक आहे, पण नाकावर विश्वास ठेवायची त्यांना सवय नव्हती. भामट्यांचं काम ते. पाण्याने तोंड खळखळवलं. पुन्हा दुसरा. काही नाही. ज्या टेबलावर त्यांनी केस काळे असल्यापासून रविवार काढले, ते टेबल हळूहळू दुसऱ्या कोणाचं व्हायला लागलं.

तेवढ्यात शेडच्या मागच्या दारातून भट्टीवाल्याची आई आली. वयाने वाकलेली, पण काठी हातात केवळ इतरांना दाखवायला. एरवी तिच्या वाट्याची काळी वाटीतून तिच्या खोलीत जायची. ती टेबलाशी कधी येत नसे.

“काय मयताला बसल्यासारखे बसलाय?” ती म्हणाली. “माझी कुठाय?”

काकूंनी तिलाही दोन्ही करड्या मोज्यांतला एक-एक ग्लास भरून दिला. आई बसली. पदराच्या टोकात हात घालून तिने रुमाल काढला, तोंडाशी नेला, एक बारीक ‘टच्’ झालं, आणि वरच्या कवळीसकट रुमाल तिने मांडीवर घडी घालून ठेवला. मग घोट घेतला.

काका उठून उभे राहिले. “आई! कवळी काढलीत?”

“काढली की.”

“माझी कवळी! मी बनवलेली! इतकी नेमकी बसते, आणि तुम्ही काढून पिता?”

“अरे, चवीचं काही असलं की मी नेहमीच काढते. खोलीत बसून. तुला वाईट वाटेल म्हणून इथे येत नव्हते इतकंच.” दात नसल्यामुळे तिचं बोलणं मऊ झालं होतं, पण धार तीच. “झाकण लावलेल्या भांड्यात कोणी पाणी भरतं का?”

“मग मला सांगायचं नाही?”

“सांगितलं होतं. पहिल्याच आठवड्यात आले होते तुझ्याकडे. तू म्हणालास, आठ दिवसांत सवय होते. चव जिभेला असते. मी म्हटलं, असेल बाई. शिकलेला कारागीर आहे.”

टेबलाच्या कडेने आणखी दोन-तीन म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे चोरून पाहिलं. एकाने नकळत रुमालाचा खिसा चाचपला. काकांनी ते पाहिलं.

“तुम्हीपण?” ते म्हणाले. “सगळे? माझ्या पाठीमागे? आणि एकानेही मला…” लबाड! सगळे लबाड! घराघरांतून लोक त्यांची कवळी काढून जेवत होते आणि त्यांना बघितलं की घालून हसत होते!

आणि मग, सगळ्यांच्या देखत, त्या रागाच्या भरात, त्यांनी तोंडात अंगठा घातला, आपली जन्मातली सर्वांत सुंदर कवळी उपसून काढली आणि पावाच्या बशीत ठेवली. टवक्यासकट.

काकूंनी बशी शांतपणे थोडी बाजूला सरकवली.

काकांनी पहिला ग्लास उचलला. घोट घेतला. जिभेने टाळूवर दाबला.

आणि ती आली. आधी कडवटपणा, भाजलेल्या दाण्याचा, मग त्याच्यामागून काकवीचा जाडसर गोडवा, मग मनुका, मग घशाखाली ऊब. पण त्याआधी, त्या सगळ्याच्या खाली, अंग. थंडीत रजई अंगावर पडावी तसं टाळूभर पसरलेलं. काकांचे डोळे भरून आले, आणि त्याचाही त्यांना राग आला. घोट गिळला तरी ती गेली नाही. बसून राहिली.

दुसरा ग्लास. कडवटपणा तोच, गोडवा तोच, नीट रांगेत. पण टाळूवर चढली आणि उतरली. ओढणीसारखी.

त्यांनी ग्लास ठेवला. “ही गेल्या वर्षाची,” त्यांनी पहिल्याकडे बोट दाखवलं. दातांविना अक्षरं फुसफुसत बाहेर येत होती. “आणि ही यंदाची. यंदाची काळी पातळ आहे.”

शेडमध्ये चुळबुळ झाली. सगळ्यांना वाटलं होतं आता माफी मागतील. मेव्हणा कुजबुजला, “दाजी, आता तरी सोडा.”

“काय सोडू? पातळ आहे ती पातळ आहे!”

काकूंनी करडे मोजे खाली ओढले. पहिली बाटली गेल्या वर्षाची. दुसरी यंदाची.

तरी पातळ असल्याचं मान्य कोण करणार? सगळ्यांनी भट्टीवाल्याकडे पाहिलं. तो टेबलाकडे बघत होता. तेव्हा त्याची आई बोलली, दुसरा ग्लास संपवून. “पातळ आहे रे. मी चाखली त्या दिवशीच बोलणार होते, पण तुझा चेहरा बघून गप्प बसले.”

“पाणी नाही घातलं मी,” भट्टीवाला म्हणाला. सगळा आवाज त्याच्या अंगातून गेला होता. “शपथेवर सांगतो. उकळी लवकर उतरवली.”

“का?” काकांनी विचारलं.

“उभं राहवेना.”

त्याने एक हात पाठीमागे नेऊन दाबून धरला.

“कंबर,” तो म्हणाला. “पातेल्यापाशी पहिल्यासारखं दिवसभर ढवळता येत नाही. यंदा मधेच मुंग्या आल्या, पाय धरेना. म्हटलं एवढी आटलीय, पुरे. कोणाला काय कळणार? तुला कळलं असतं एकट्याला. आणि तू आलास तर दारातूनच बोंबलत आलास. मी काय बोलणार होतो मग?”

काका खुर्चीत बसले. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. बोळक्यात गाल आत गेलेले, डोळे लाल, मिशीला काळीचा फेस. त्यांना आधी आनंद व्हायला हवा होता. पैज जिंकली होती, खुर्ची वाचली होती. पण मनात हिशेब जुळवता जुळवता ते एका जागी अडले, आणि त्यांचा राग पुन्हा उसळून वर आला.

“म्हणजे मी बरोबर होतो!” ते ओरडले.

“होतास.”

“पण मला तर कशाचीच चव लागत नव्हती! मला टोमॅटोसुद्धा पातळ लागत होता! म्हणजे मी… मी उगाचच बरोबर होतो!”

आधी आई हसली. मग मेव्हणा. मग ज्यांच्या तोंडात काकांचे दात होते ते आणि ज्यांच्या नव्हते तेही. भट्टीवाला हसला तसा कमरेला हात लावून कळवळला, आणि पुन्हा हसला.

“हसू नका!” काका टेबलावर हात आपटत म्हणाले. “अरे, दोस्त ना तू माझा? कंबर गेली तर मला सांगायचं नाही?”

“तू दात गेले ते सांगितलंस?”

“ते वेगळं! दात माझे आहेत. काळी सगळ्यांची आहे! पुढच्या वर्षी काय करणार होतास? आणखी लवकर उतरवणार होतास? मग काय, दर वर्षी थोडी थोडी पातळ करत सोनेरीवर येणार होतास?”

“मग काय करू? नोकर ठेवू? नोकराला कळतं का कधी थांबायचं ते? घड्याळ बघून उतरवतील.”

“नोकर कशाला? मी येतो.”

भट्टीवाल्याने त्यांच्याकडे वरून खालपर्यंत पाहिलं. “तू? दिवसभर उभा राहशील पातेल्यापाशी? तुझं वय काय, अवतार काय…”

“माझे दात गेलेत,” काका म्हणाले, “पाय नाही गेले.”

“तुला ढवळता येतं का पण?”

“उभं आयुष्य प्लॅस्टर ढवळतोय मी! गुठळी सापडली तर सांग! तू खुर्ची टाकून बस समोर, आणि मला शिकव. पण ओरडायचं नाही माझ्यावर. मला ओरडलेलं खपत नाही.”

“तुला?” भट्टीवाल्याची आई म्हणाली. “तुला?”

काकांनी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. त्यांनी बशीतून कवळी उचलली, रुमालाने पुसली, आणि पुन्हा घालायची की नाही या विचारात क्षणभर हातातच धरून बसले. मग शेजारच्या म्हाताऱ्याला, ज्याने मघाशी खिसा चाचपला होता, त्याला दटावत म्हणाले, “उद्या सकाळी खोलीवर या. टाळूवरचा पत्रा मागून कापून बघू, तरी कवळी धरते का. धरणार नाही बहुतेक. पण बघू. आणि एकमेकांच्या मागे काढून जेवायचं बंद करा, माझी बदनामी होते.”

“मग समोर काढू?”

“समोर काढा!” काका म्हणाले, आणि आपला रिकामा ग्लास त्यांनी काकूंपुढे सरकवला. “गेल्या वर्षाची. यंदाची मेव्हण्याला द्या, त्यात बर्फ घालून घेईल.”